गालावरची वाळू

पट्टा तीन बोटांचा होता. रुंदी साडेचार सेंटिमीटर. उजव्या कानाच्या पाळीखालून निघून गालावर तिरका उतरलेला, वाळू अजून ओली. माझी मुलगी बिरिता गाढ झोपली होती. मी मोजपट्टी तिच्या गालाशी धरून पट्ट्याच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. सहा मिलिमीटर. काल अकरा होतं. सोमवारी पहिल्यांदा मोजलं तेव्हा छत्तीस. रोज पाच कमी होत होते, एकही दिवस चुकला नव्हता.

बेटाच्या हवामान केंद्रावर मी नऊ वर्षं रोज सकाळी पावसाचं माप घेते. निसर्ग इतका नेमका वागत नाही.

वाळू मी भिंगाखाली पाहिली होती. आमच्या दारातली पिठासारखी असते. ही जाड, टोकदार, मध्ये गुलाबी शिंपल्यांचा चुरा. अशी वाळू बेटाच्या उत्तर टोकालाच आहे, बेटाची राखण करणाऱ्या चौघींपैकी पहिलीच्या दगडापाशी. तिथून सायकलने जाताना मी मान वळवत नाही.

या बेटावर नव्याने उतरणाऱ्याने कुणाच्याही घरात शिरण्याआधी बेटाला फेरी घालायची असते. कंकणासारख्या या बेटाच्या आतलं पाणी डाव्या हाताला ठेवायचं, चार दगडांपाशी थांबून चौघींना तंबाखू द्यायची आणि तिथली वाळू गालाला लावून घ्यायची. मी राजधानीच्या बेटावरून, तारावाहून आले ती गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात, वादळात, बोटीतच कळा सुरू झालेली. मला धक्क्यावरून थेट दवाखान्यात नेलं आणि त्याच रात्री बिरिता झाली. फेरी राहिली. बोटीत चढताना बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं: दगडापुढे वाकायचं नाही. ते चाळीस वर्षं प्रोटेस्टंट पास्टर होते. सासू विचारायची, "फेरीचं काय?" मी म्हणायचे, "बघू." नऊ वर्षं मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

आमच्या गावात कॅथलिक आहेत, प्रोटेस्टंट आहेत, मॉर्मन आहेत, बहाईंची तीन घरं आहेत. सभाघराच्या छपराला कुणी किती झावळ्या द्यायच्या यावरही त्यांचं जुळत नाही. फेरीबद्दल मात्र कुणाचंच दुमत नाही. मॉर्मन दुकानदार तेबानो म्हणाला, "आम्हाला तंबाखू वर्ज्य, म्हणून मी बिस्किटं ठेवली. चौथीला रुचली नसावीत. आठवडाभर पोट धरून बसलो होतो."

आमचे पास्टर तोआरिकी यांच्याकडे मी शुक्रवारी गेले, ते नको म्हणतील या आशेने.

"मी तर पहिल्याच दिवशी घालून आलो," ते म्हणाले.

"बायबलात बसतं का हे?"

"पोरी, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर दार वाजवतात. तेवढं तरी बायबलात बसत असेल."

संशय अर्थात सासूवरच होता. तेरेतिया पक्की कॅथलिक, रोज जपमाळ ओढणारी, पण फेरीसाठी माझ्या मागे लागलेली. शनिवारी ती चटई विणत बसली होती, तेव्हा मी तिच्या हाताजवळ मोजपट्टी नेली.

"मोज की," ती मान वर न करता म्हणाली. "बोटं मोज, दातही मोज, चारच उरलेत."

तीन बोटं साडेपाच भरली. माझी पाच. नवरा इओतेबा तर मार्चपासून जहाजावर आहे.

"आई, बिरिताच्या गालावर रोज सकाळी…"

"माहीत आहे. तुझ्याआधी उठते मी." तिचे हात थांबले. "गालाला लावतात ती पाहुण्याला. तोंडात घालतात ती मेलेल्याला. फेरी तुझी राहिली, पण उतरलात तुम्ही दोघी."

त्या रात्री मी मच्छरदाणीच्या आत, मुलीचा गाल तळव्याखाली झाकून जागी राहिले. तळवा उचलला नाही. उजाडल्यावर काढला, तेव्हा खाली पट्टा होता. माझा हात कोरडा होता.

सहा मिलिमीटर. उद्या एक.

बिरिता उठली, गाल पुसला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावल्यावर थुंकली. "आई, पाण्यात वाळू आहे." मी तांब्या उजेडात धरून पाहिला. पाणी स्वच्छ होतं.

रविवारी प्रार्थनेनंतर मी बाबांना फोन करते. आज मी चर्चला गेले नाही, अंगणातूनच लावला.

"लवकर केलास," बाबा म्हणाले. "कुठलं वचन वाचलं आज?"

"मी गेले नाही."

"बरं नाही का? बिरिता कशी आहे?"

सासू दारात येऊन उभी राहिली होती. बिरिता तिच्या मांडीला टेकून, जिभेवरून बोटाने काहीतरी काढून बघत होती.

"हॅलो? आवाज येतोय का पोरी?"

"येतोय," मी म्हणाले. "बाबा, मी आज फेरी घालते आहे."