मानाचा खुबा

बिश्केकच्या इस्पितळातून बाहेर पडताना अनारकानच्या खुब्यापेक्षा तिचं मनच जास्त ठणकत होतं. दोघी जावा एकाच गाडीतून आल्या, एकाच बाकावर बसल्या. दोघींचेही खुबे गाईंपाशी उकिडवं बसून झिजलेले. आणि सांधा बदलायची तारीख मिळाली कुणाला? तर धाकटीला! पस्तीस वर्षं चहाचा पहिला पेला, दारासमोरची वरची बैठक, मेंढीच्या खुब्याचं मानाचं हाड, सगळं आधी थोरलीच्या पुढ्यात आलेलं. आता ही काटकुळी साल्कीन तिच्या पुढे जाणार होती.

"एकशेबारा किलो," डॉक्टर एर्केबाएव काट्याकडे बघत म्हणाले होते. "आई, आधी पंधरा किलो उतरवा, मग या."

"का? जाड माणसाला दुखत नाही वाटतं?"

"दुखतं ना. सांधा बदलला तर तुमचंही दुखणं जाईल. पण इतक्या चरबीखाली जखम नीट सुकत नाही, पू धरते, नवा सांधा निखळायचीही भीती. मला तुम्हाला दोनदा कापायचं नाहीये."

त्यानंतर साल्कीन एकटीच बराच वेळ आत होती. बाहेर आली ती खाली मान घालून. "ऑक्टोबरात बोलावलंय, एजे," ती म्हणाली. थोरल्या जावेला ती पहिल्यापासून एजे, म्हणजे ताई म्हणायची. "पण तेव्हा पुन्हा काट्यावर उभं करणार. वजन बरोबर भरलं, तरच."

नारीनकडच्या आपल्या गावी परतताना अनारकान खिडकीकडे तोंड करून बसली.

तिनं अकरा दिवस उपाशी राहून पाहिलं. पण गावात कुणाच्या दारावरून जायचं म्हणजे भाकरीचा तुकडा तोंडात टाकल्याशिवाय सुटका नाही, आणि अनारकानला दिवसाकाठी सहा दारं लागायची. बारशाला, लग्नाला मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा गोळा तिलाच आग्रहानं. नाही म्हटलं तर यजमानाचा अपमान, आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंही नव्हतं. बाराव्या दिवशी काट्यानं दोनशे ग्रॅम जास्तच दाखवले.

त्याच दिवशी तिच्या डोक्यात ते आलं. आपलं उतरत नाही ना, मग तिचं चढवू. काट्यावर धाकटी जड भरली की डॉक्टर तिलाही परत पाठवेल, आणि मग बसू दोघी लंगडत.

दुसऱ्या सकाळी तिनं सुनेच्या, आयझानच्या हाती वाडगाभर साय दिली. "जा, काकूला देऊन ये. म्हणावं, एजेनं प्रेमानं पाठवलीय." मग बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे गोळे गेले, मधातले अक्रोड गेले, शेपटीची चरबी गेली. काकूनं सगळं खाल्लं की नाही, हे सून खात्रीनं सांगेना, म्हणून दर शुक्रवारी अनारकान भिंती धरत धरत स्वतः जाई. काठी धरली की थोरलेपण जातं असं तिचं मत होतं. वाडगा रिकामा होईपर्यंत ती समोर बसून राही.

"खा गं. हाडं वाजतायत तुझी."

साल्कीन खाली मान घालून खायची. गावात बायका म्हणू लागल्या, जावा असाव्यात तर अशा. ते ऐकून अनारकानच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण वाडगा कधी चुकला नाही.

ऑक्टोबर आला. साल्कीन गेली आणि नवा खुबा घेऊन आली. आधी कुबड्या, मग काठी. वसंतात एका सकाळी अनारकाननं खिडकीतून पाहिलं तर धाकटी काहीही न धरता नळावर चाललेली. अनारकानला रडू फुटलं. ते आनंदाचं नव्हतं.

त्याच आठवड्यात साल्कीननं मेंढी कापून गावजेवण घातलं. परात तिनं स्वतः उचलून आणली आणि खुब्याचं मानाचं हाड अनारकानपुढे ठेवलं.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. "डॉक्टरनं मला सांगितलं होतं, तू त्रेचाळीस किलोची, इतक्या वाळक्या अंगावर जखम भरायची नाही. सहा किलो चढव, नाहीतर येऊ नकोस. ते सहा किलो मला एजेनं दिले."

सगळ्यांनी हात पसरून अनारकानला दुवा दिली. तिच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

पाहुणे गेले. दोघीच उरल्या, मधे ते हाड, तसंच.

"तुला परत पाठवावं म्हणून खाऊ घालत होते मी," अनारकान एकदाची बोलून गेली.

"ठाऊक होतं."

"कसं?"

"पस्तीस वर्षांत बोटभर साय चाटवली नव्हतीस, एजे. एकदम वाडगा आला, तेव्हाच कळलं."

"मग खाल्लीस कशाला मेले?"

"मला किलो हवे होते. प्रेमानं कुणी दिले नसते एवढे." साल्कीन हसली आणि मग तिचा आवाज कडक झाला. "आणि जळणं तुला एकटीलाच येतं काय? प्रत्येक पंगतीत हे हाड तुझ्यापुढे जाताना मी बघत आलेय. मी कोपऱ्यात बसून बरगडी चोखायची."

अनारकाननं हाडाकडे पाहिलं. डॉक्टरनं चित्रात दाखवलेली खुब्याची वाटी हीच, फक्त मांसानं भरलेली. तिनं ताटली पुढे सरकवली. "घे."

साल्कीननं सावकाश, बोटं चाटत खाल्लं. अनारकान लाळ गिळत बघत राहिली.

"मऊ असतं की गं. कधी बोलली नाहीस!" साल्कीननं हात पुसले. "उद्यापासून तुझी साय माझ्याकडेच पाठव. मानाचे घासही. आणि सकाळी सातला तयार राहा, कुंपणापर्यंत चालू. पंधरा किलो उतरवायचेत ना?"

तिनं कोपऱ्यातली आपली काठी आणून जावेच्या हातात दिली.

काठी नवीकोरीच होती. साल्कीनला ती फार दिवस लागलीच नव्हती. अनारकानच्या पोटात पुन्हा आग पडली, पण तिनं काठी घट्ट धरली आणि म्हणाली, "सातला नाही. साडेसहाला."