नाव न घेणारी शाळा

नात मॅडम होण्याआधीच शकुबाईने मॅडम झाल्याचे पेढे वाटून टाकले होते. पोलादाच्या प्लांटाशेजारच्या मरोदा वस्तीतलं एक घर सोडलं नाही. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्यांच्याकडे तर दोन-दोन दिले, तोंड कडू व्हावं म्हणून. उन्नती सांगून थकली, "आजी, अजून सराव-पाठ बाकी आहे. निरीक्षक मॅडम मागे बसून पाहतात. नापास केलं तर पुढच्या वर्षी परत."

पण पोटात गेलेला पेढा कोणी परत आणून देते का? म्हणून पाठाच्या दिवशी शकुबाई ठेवणीतलं पातळ नेसून ऑटोत आधी जाऊन बसली.

"तू कावून येऊन राहिली?"

"पेढे मी वाटले. नाक माझं कापल्या जाईल. चाल, बस."

नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी मागे टाकल्या की एक लहानसं गाव लागते. तिथली शाळा म्हणजे दोन खोल्या, एक गुरुजी आणि अंगणात कडुनिंब. शकुबाई व्हरांड्यात खिडकीशी बसली. आत निरीक्षक मॅडम खुर्चीवर, चेहरा असा की जावयाला वांगं वाढलं आणि मीठच नाही.

उन्नतीनं छान सुरुवात केली. पाठ होता 'मेरा दोस्त'. बाजूच्याचा हात धरायचा आणि त्याचं नाव सांगायचं, बस. याच्याहून सोपं काय असते?

पहिली उठली बिसाहिन नावाची पोरगी. मैत्रिणीचा हात धरला, हसली आणि गप्प.

"नाम बताओ बेटा."

गप्प. दुसरी उठली, तीही गप्प. मग एक मुलगा उठला, तो तर लाजून बाकाखालीच गेला. निरीक्षक मॅडमनं पेनाचं टोपण काढलं. "कमाल है. इन्हें एक-दूसरे का नाम तक नहीं आता?"

उन्नतीच्या हातातला खडू मोडला. शकुबाईच्या डोळ्यापुढे मरोद्यातले सारे पेढे खदाखदा हसू लागले. ती तडक दारात जाऊन उभी राहिली.

"कावून गं, तोंडात काय गोटे भरले? रोज बाजूला बसते, नाव नाही माहीत?"

बिसाहिन काही भ्यायली नाही, तिकडच्या रीतीनं आजीला 'दाई' म्हणत बोलली. "नाव नइ लेवन दाई. ओ मोर भोजली ए."

गुरुजींनी तेव्हा कुठे तोंड उघडलं. राखी होऊन चारच दिवस झाले होते. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपलीतले गव्हाचे कोवळे अंकुर, म्हणजेच भोजली, तळ्यात सोडताना पोरींनी ते एकमेकींच्या कानामागे खोचले होते. तसं केलं की जन्मभराची मैत्रीण, आणि मग तिचं नाव घ्यायचं नाही, 'भोजली' म्हणूनच हाक मारायची. यंदा पोरींचं पाहून पोरंही तसंच करू लागली होती. सारा वर्ग एकमेकांचा भोजली होऊन बसला होता.

"असं कुठं राहते?" शकुबाई म्हणाली. "नाव घेतल्यानं का जीभ झडते?"

"त तैं अपन डोकरा के नाव ले न, दाई!" बिसाहिननं उलट टाकलं, आधी तू आपल्या म्हाताऱ्याचं नाव घे.

वर्ग फिसकन हसला. शकुबाईच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, नवऱ्याला आजवर "अहो" आणि "ऐकता का"च्या पुढे नेलं नव्हतं. पण एवढ्याशा पोरीसमोर हार? तिनं पदर सावरला.

"भट्टीत शिजते लोखंड, चुलीवर शिजते डाळ,
देवाजीचं नाव घेते, ऐका रे बाळगोपाळ!"

पोरांनी टाळ्यांनी छत उचललं. बिसाहिन मात्र मान हलवून म्हणाली, "हमन त गीत मा घला नइ लेवन." गाण्यातसुद्धा नाही! शकुबाईनं मनातल्या मनात तिचे कान उपटले आणि तिथंच तिला पसंतही केली.

तेवढ्यात उन्नतीचा चेहरा उजळला. "बिसाहिन, तू नाव नको घेऊ. भोजली कशी आहे ते सांग. नाव बाकीचे सांगतील."

बिसाहिन खुलली. "मोर भोजली के छेरी हा गुरुजी के गमछा ल खा दिस!"

"दुलारी!" सारा वर्ग ओरडला. गुरुजींनी खांद्यावरचा नवा गमछा घट्ट धरला, जशी काही दुलारीची शेळी अजून दारातच उभी आहे.

मग काय, घंटा झाली तरी कोणी थांबेना. ज्याच्या नाकात मटार अडकला होता तो कोण, भुताला भिऊन नदीत पडली ती कोण, सगळी गुपितं बाहेर. निरीक्षक मॅडम डोळे पुसत हसल्या, पास म्हणून सही केली आणि जाता जाता विचारलं, "वह दाल वाला फिर सुनाइए न, अम्मा."

"एकदाच राहते ते," शकुबाई ऐटीत म्हणाली.

फाटकाशी स्कूटर फटफटली. प्लांटातून रिटायर झाले तरी पिवळं हेल्मेट न सोडलेले देवाजी बायकोला आणि नातीला घ्यायला आले होते. बिसाहिननं शकुबाईचा पदर ओढला. "दाई, एही ए का, दार वाला?" दार म्हणजे उखाण्यातली डाळ.

शकुबाईनं नुसती मान हलवली. झालं! अख्खी शाळा फाटकाकडे धावली, "देवाजी! देवाजी!"

म्हातारा स्कूटरसकट डगमगला. "अवं, ह्या पोट्ट्यायले माझं नाव कोणं सांगितलं?"

शकुबाई आधी उन्नतीला मागे बसवून, मग स्वतः कशीबशी टेकत म्हणाली, "पाठात आलं आज तुमचं नाव. चला, मरोद्यात आणखी पेढे वाटाचे हायेत."