‘झोप’च्या उजेडाला हरकत

ताई जन्मभर सगळ्याला ‘काही हरकत नाही’ म्हणत आली. दूध उतू गेलं, काही हरकत नाही. वरच्या मजल्यावर कपाटं सरकवण्याची शर्यत लागली, काही हरकत नाही. आणि नेमके हेच तीन शब्द कागदावर लिहून हवे झाले, तेव्हा ते मागायला जायची तिच्या सख्ख्या धाकट्या भावाची छाती होईना.

हा भाऊ दुकानांवर पाट्या लावायचा. उंचीनं बेताचा, म्हणून सगळे त्याला ठेंगू म्हणत. अर्धं आयुष्य शिडीवर काढूनही नाव काही बदललं नाही. शहरानं अलीकडे नवे नियम काढले होते. पाटी लावणाऱ्याला स्वतःचा परवाना हवा, शिवाय प्रत्येक पाटीला वेगळी परवानगी. फुटपाथवर किती पुढं यायचं, जमिनीपासून किती उंच टांगायचं, वायर कुणी जोडायची, सगळं ठरलेलं. ठेंगूला परवाना मिळाला होता, पण कच्चा. त्यावरची पहिली पाटी पास झाली तर तो पक्का व्हायचा, नाहीतर रद्द. मग केस पिकल्यावर दुसऱ्याची शिडी धरून उभं राहायचं.

पहिली पाटी गादीवाल्याची होती. गाद्या-उशांचं नवं दुकान, नाव ‘झोप’. दोनच अक्षरं, पण ठेंगूपेक्षा उंच आणि आतून उजळणारी. सगळं नियमात बसलं आणि एका कलमाशी घोडं अडलं. पाटीचा उजेड समोरच्या राहत्या घरात पडत असेल, तर तिथं राहणाऱ्याची ना-हरकत हवी. समोर एकच खिडकी होती, आणि ती ताईची होती.

“झोपेची पाटी लावून लोकांची झोप उडवणार का?” परवाना खात्यातल्या बाई हसून म्हणाल्या. “पाटी तात्पुरती लावून संध्याकाळी पेटवा, त्यांच्या खोलीत बसून उजेड दाखवा आणि सही आणा. महिनाअखेरपर्यंत.”

ठेंगूला हसू आलं नाही. ताईशी त्याचा कित्येक वर्षांचा अबोला होता. ताई ब्रशनं पाट्या रंगवायची. ह्या भागातली निम्मी दुकानं तिच्या अक्षरांनी ओळखली जायची, आणि ठेंगू तिच्याच पाट्या भिंतीवर चढवत मोठा झाला. मग उजेडाच्या पाट्या आल्या. औषधाच्या दुकानावरची तिची पाटी काढायचं काम ठेंगूकडे आलं आणि त्यानं ते घेतलं. ताई नेमकी खालून चालली होती. “माझ्या हातची पाटी काढायला तूच सापडलास का रे?” तिनं विचारलं. तो शिडीवरून म्हणाला, “मी नाही तर दुसऱ्यानं काढली असती.” बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. त्यानंतर एका रस्त्यावरून जातानाही दोघं एकमेकांना दिसेनासे झाले.

संध्याकाळ उतरली, गादीवाल्यानं बटण दाबलं आणि ठेंगूनं ताईचं दार वाजवलं.

“काय काम?” ताईनं विचारलं.

“सरकारी.”

“मग ये. सरकारला कोण नाही म्हणणार?”

खोलीत पाऊल टाकलं आणि तो तिथंच थबकला. चारी भिंतींना पाट्या टेकून उभ्या होत्या. जी जी दुकानं बंद पडली, ज्यांनी ज्यांनी पाट्या बदलल्या, त्यांनी जुन्या आणून ताईच्या स्वाधीन केल्या होत्या. घड्याळवाला, छत्रीवाला, शिंप्याचं दुकान, वाचनालय. खिडकीतून ‘झोप’चा हिरवा उजेड आत येत होता आणि सगळी खोली तळ्याच्या तळाशी गेल्यासारखी वाटत होती. पाट्यांवरची अक्षरं हळूहळू हलत होती. घड्याळवाल्याचं दार आत्ता उघडेल, शिंपी मान वर करून बघेल, असं ठेंगूला वाटलं. किती वेळ दोघंही बोलली नाहीत. तो अबोला मात्र नव्हता.

“हरकत आहे,” ताई शेवटी म्हणाली. “हिरव्यात मी आजारी दिसते.”

दुसऱ्या संध्याकाळी लाल लावला. “लालात गॅसवर काहीतरी विसरल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. “सारखं उठून बघावं लागेल.” पुढच्या संध्याकाळी निळा होता. निळ्यात भिंती विरघळल्या, पाट्या अधांतरी तरंगायला लागल्या आणि ताईचे पांढरे केस मऊ धुरासारखे दिसले. एवढं सुंदर ठेंगूनं आयुष्यात काही पेटवलं नव्हतं. तो आशेनं तिच्याकडे बघत राहिला.

“रंग ठीक आहे,” ताई म्हणाली. “पण ‘झो’ची मात्रा बारीक पडलीय.”

“ताई, नियमात उजेडाचं आहे. मात्रेचं काही नाही.”

“नियम तुझा, हरकत माझी. असली मात्रा कुणाला लागू पडायची नाही. एकाला झोप येणार नाही.”

तो खुर्ची वाजवत उठला, जिना उतरला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप मात्रा जाड करून आणली. गादीवाल्यानं कपाळाला हात लावला. “तुमची बहीण आहे की सासू?” तो म्हणाला.

ठेंगूचा जीव पाटीआधी टांगणीला लागला होता. महिना संपत आला होता, परवाना हातचा जायची वेळ आली होती. आणि तरी दुपार कलली की त्याची पावलं आपोआप त्या जिन्याकडे वळत. आज नवी कोणती हरकत निघेल ह्याची त्याला धास्ती वाटायची. आणि खरं सांगायचं तर, एखादी निघावी असंही वाटायचं. सही झाली की पुन्हा ह्या दाराशी यायला कारण उरणार नव्हतं. परवाना मिळवायचा म्हणजे ही खोली गमवायची, हे त्याला आता लख्ख कळलं होतं आणि त्यानं तो पार कासावीस झाला होता.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं पांढरा लावला, दुधात थोडी हळद पडल्यासारखा. रस्त्यावरचे आवाज दूर गेले. पाट्यांवरचे जुने रंग एकेक करून जागे झाले, आणि ताई खुर्चीत बसल्या बसल्या त्या वाचू लागली, पोरांची हजेरी घ्यावी तशी.

“औषधवाल्याची तेवढी आली नाही,” ती म्हणाली. “भंगारात गेली असेल.”

“माझ्याकडे आहे,” ठेंगू म्हणाला. “तेव्हाच घरी नेली. पलंगाच्या डोक्याशी लावलीय. तुझ्याकडे आणायचं तोंड नव्हतं.”

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. उजेडात तिचे गाल ओले दिसत होते. तिनं ते पुसले नाहीत.

“मी वाटेल ते बोललो होतो, ताई.”

“खरं तेच बोलला होतास. खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं.” तिनं हात पुढं केला. “आण तो कागद. पोटावर पाय नको यायला तुझ्या.”

तिनं सही केली. पाटीवर करायची तशीच, अक्षर न अक्षर गोल, शेवटी शेपूट सफाईनं उचललेलं. ठेंगूनं कागद हातात घेतला. परवाना आता पक्का होणार होता, पण त्याला उठवेना.

“झालं ना काम?” ताईनं विचारलं. “मग आता उद्यापासून मोकळा.”

“तसं नाही,” तो घाईघाईनं म्हणाला. “सही झाली तरी पाटी लावणाऱ्यानं रोज संध्याकाळी येऊन उजेड तपासायचा. नियमच आहे तसा.”

“असं? कुठं लिहिलंय?”

“असेल… मागच्या बाजूला.”

ताईनं कागद परत मागून घेतला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मागची बाजू कोरी होती. ठेंगूला ती आरपार दिसत होती. ताईनं चष्मा नीट केला आणि त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून सावकाश वाचायला लागली.

“लिहिलंय की. पाटी लावणाऱ्यानं रोज संध्याकाळी यावं,” आणि बोट एक ओळ खाली सरकवून म्हणाली, “येताना घरून जेवून येऊ नये.”