फळ्यावर लिहिण्याआधी

चिंचपोकळीच्या त्या चाळीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी दोन दिवस येणार नाही, रविवारी डोळ्यांची तपासणी, जयंतीच्या मिरवणुकीची मीटिंग, आणि कुणी गेलं तर तेही, सगळं त्यावर लिहितात. लिहिण्याचं काम तीस वर्षं बाबुराव करत आले. पालिकेतून रिटायर झाले, गुडघे बोंबलायला लागले, पण खडू काही सोडला नाही. फळ्याचा त्यांचा एकच नियम होता. गेलेल्या माणसाचं नाव फळ्यावर चढण्याआधी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन बसलं पाहिजे. बाकी चाळ आधीच कुजबुजत असली तरी चालेल, पण घरच्यांना जिना उतरताना कळता कामा नये.

बाबुरावांची मुलगी दीपिका हे बघतच मोठी झाली. परळच्या एका लॅबमध्ये ती दुपारच्या शिफ्टला रिपोर्ट टाइप करते. तिने इन्स्टाग्रामवर एरियाचं पेज काढलं, तेव्हा नाव ठेवलं ‘चिंचपोकळीचा फळा’. बघता बघता चाळीस हजार लोक जमले. आता तिच्या बाजूने बोलायचं तर बोललंच पाहिजे, ती बाकीच्या पेजवाल्यांसारखी नव्हती. ते मेले रक्ताच्या थारोळ्यावर रडका इमोजी चिकटवून मोकळे होतात. ही चेहरा ब्लर करायची, नाव द्यायची नाही, गाडीचा नंबर झाकायची. कोणी वाद घातला की ठणकावून सांगायची, ‘माझी एक मर्यादा आहे, तिच्यापुढे मी जात नाही.’ त्या मर्यादेचा तिला अभिमान होता. खोटं कशाला सांगा, जरा जास्तच होता.

त्या मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ती लॅबला निघाली होती. नाक्यावर नवा टॉवर चढतोय, त्याच्या परांचीचा लोखंडी पाइप सुटला आणि खालून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यावर पडला. दीपिका दहा पावलांवर होती. मोबाइल आपसूक हातात आला. माणूस कुशीवर पडलेला, डोक्याला हेल्मेट, अंगात कुरियरवाल्यांचं निळं जॅकेट, आणि सगळ्यावर सिमेंटची धूळ. माणसं जमली, हॉर्न वाजायला लागले, कुणी पाइप उचलला, कुणी पाणी आणा म्हणालं. दीपिका शूट करत राहिली, स्क्रीनपलीकडे कानावर काय पडतंय याकडे तिचं लक्षच नव्हतं. पंधरा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली आणि त्याला घेऊन गेली.

मग ती उसाच्या रसाच्या गाडीशी उभी राहिली आणि त्यातले चाळीस सेकंद काढले. हेल्मेट ब्लर केलं, नंबर प्लेट झाकली. एडिट करताना ती मोबाइलचा आवाज बंदच ठेवायची, रस्त्यात कोण स्पीकर लावून बसणार. खाली लिहिलं, ‘परांचीखालून जाताना जपा. हे थांबणार कधी?’ आणि पोस्ट करून लॅबला गेली.

पावणेदोनला तो व्हिडिओ चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, आणि तिथून बकुळामावशीच्या हातात. बकुळामावशी दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, घरात ती आणि मुलगा मनू. मनू कुरियरमध्ये होता आणि रोज सव्वाच्या ठोक्याला जेवायला घरी यायचा. त्या दिवशी आला नाही. तिने तीनदा फोन केला, त्याने उचलला नाही. बोंबलाचं कालवण झाकून ती मोबाइल घेऊन बसली होती, तर हा व्हिडिओ. निळी जॅकेटं शंभर जणांची असतात. चेहरा दिसत नव्हता. कुणाचं तरी लेकरू गं, असं म्हणून ती पुढे सरकवणार, तेवढ्यात त्या पडलेल्या माणसाच्या खिशातून तिचाच आवाज आला.

‘मनू, अरे उचल की फोन. कानात बोळे घातलेस का?’

हे मनूचेच उद्योग. आई खेकसत होती तेव्हा गुपचूप रेकॉर्ड केलं आणि तिच्या नंबरला तीच रिंगटोन लावली. आख्ख्या चाळीला ऐकवत फिरला होता. दीपिकाही पोट धरून हसली होती.

बाबुराव खाली फळा पुसत होते. वरून बकुळामावशीची किंकाळी ऐकू आली. गुडघे विसरून ते दोन मजले चढले. हॉस्पिटलातून निरोप आला, मग त्यांनी लॅबमध्ये फोन लावला.

‘नाक्यावरचा व्हिडिओ तू टाकलास?’

‘हो पप्पा. का?’

‘मनू होता तो. हॉस्पिटलात पोचायच्या आधीच गेला. त्याच्या घरी कोण जाऊन बसलं होतं, दीपे?’

दीपिकाने तिथल्या तिथे व्हिडिओ डिलीट केला. काय उपयोग? तोवर तो लालबागच्या पेजवर होता, परळच्या पेजवर होता, कुणी त्याला दुःखी म्युझिक लावलं, कुणी आपला लोगो डकवला. आठवड्याने ती मेथी घ्यायला गेली, तर भाजीवाला पाटीआड मोबाइल धरून तोच बघत होता, आणि मेथीच्या जुड्यांमधून बकुळामावशी मनूला हाक मारत होती. दीपिका पिशवी तिथेच टाकून परत आली. तिने स्वतःचा मोबाइल सायलेंटवर टाकला. तरी तो टेबलावर थरथरला की तिला ‘उचल की’ ऐकू यायचं. नळाला पाणी आलं की त्यातही तेच. तिला भीती वाटायला लागली होती, साधी सरळ भीती, लहानपणी अंधाऱ्या जिन्याची वाटायची तशी.

बाबुरावांनी फळ्यावर ‘कालकथित’ लिहून पुढे मनूचं नाव लिहिलं. त्यांचं अक्षर त्या दिवशी वाकडं आलं. जलदान विधीला सगळी चाळ बकुळामावशीकडे गेली. दीपिका दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली, दाराबाहेरच्या चपला बघितल्या आणि मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळामावशीच तिच्या दारात आली.

‘ये मावशी,’ दीपिका म्हणाली. बाबुराव खिडकीशी पेपर घेऊन बसले होते, त्यांनी खुर्ची पुढे केली. बकुळामावशी बसली नाही.

‘तुझ्याकडे अख्खा असेल ना?’

‘डिलीट केला गं मी.’

‘पेजवरनं केलास. मोबाइलमधनं?’

दीपिकाने टेबलावरचा मोबाइल पालथा केला.

‘मी तीनदा लावला होता. त्यात एकदाच वाजतो. मला एवढंच सांग, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो होता का?’

दीपिकाला उत्तर माहीत होतं. अख्खा व्हिडिओ तिने कितीदा बघितला होता याचा हिशेबच नव्हता. पुसून टाकावा म्हणून उघडायची आणि बघून परत ठेवायची. चाळीस सेकंदांच्या बाहेर काय आहे, हे जगात तिला एकटीला ठाऊक होतं. ‘लगेच गेला मावशी, काही कळलंच नसेल त्याला,’ एवढं म्हणायचं होतं. डॉक्टर तेच म्हणाले होते, चाळही तेच म्हणत होती. आणि ते म्हटलं असतं तर तीही सुटली असती. तिने बापाकडे बघितलं. बाबुरावांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला आणि तिच्याकडे बघत राहिले.

चाळीस हजार लोकांना दाखवताना तिने क्षणभरही विचार केला नव्हता. आता त्याच्या घरचं माणूस समोर उभं होतं. तिने आवाज सुरू केला आणि मोबाइल बकुळामावशीच्या हातात दिला.

खोलीत हॉर्न वाजले. खिसा बोलला, ‘मनू, अरे उचल की फोन.’ थांबला. परत बोलला. मग गर्दीतला कुणी पुरुष म्हणाला, ‘घरनं फोन येतोय त्याच्या, घ्या कुणीतरी.’ आणि अगदी जवळून, मोबाइल धरणाऱ्या बाईचा स्वच्छ आवाज आला, ‘हात लावू नका कुणी. पोलीस येऊ देत.’

तिसऱ्यांदा खिसा बोलला तेव्हा धुळीने माखलेला हात जमिनीवरून उठला. सावकाश छातीकडे गेला. दोन बोटं खिशाच्या फ्लॅपला लागली आणि तिथेच राहिली.

‘परत लाव,’ बकुळामावशी म्हणाली.

दीपिकाने परत लावला.

‘घेत होता,’ मावशी म्हणाली. ती आता खुर्चीत बसली होती. ‘सकाळी भांडून गेला होता गं. डबा नको म्हणाला. मला वाटलं, रागाने उचलत नाही. एवढे दिवस मला वाटत होतं, रागातच गेला.’ तिने पदराने मोबाइलची काच पुसली, जणू धूळ तिथे होती. मग वर बघितलं. ‘हात लावू नका म्हणाली, ती तू का?’

‘हो.’

‘एवढी जवळ होतीस?’

‘हो मावशी.’

‘मग तू उचलायचास ना गं. मी बोलले असते त्याच्याशी.’

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर दीपिकाला झेपलं असतं. पण हे ती असं म्हणाली, गॅसवरचं दूध बघायला सांगून गेले होते आणि तू बघितलं नाहीस, असं कुणी म्हणावं तसं. दीपिका खाली बसली आणि रडायला लागली. बकुळामावशीने तिला जवळ घेतलं नाही. मोबाइल टेबलावर ठेवला, बाबुरावांना जय भीम म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

पेज दीपिकाने बंद केलं. लोकांनी विचारलं, काही दिवसांनी विसरले. जिन्याखालचा फळा आता तीच लिहिते, बाबुरावांना उभं राहवत नाही. कुणी गेलं की आधी त्या घरी जाऊन बसते, खडू नंतर.

आणि रोज दुपारी सव्वाला तिचा मोबाइल वाजतो. बकुळामावशीचा असतो. कधी ती ‘जेवलीस का’ विचारते, कधी काहीच बोलत नाही, मागे भांड्यांचा आवाज तेवढा येतो. त्या वेळी दीपिका रस्त्यात असो नाहीतर लॅबमध्ये, हातातलं काम टाकते. दुसरी रिंग ती वाजू देत नाही.