दसऱ्याच्या रांगेतले स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, स्टुलाला सांगण्यासारखे आयुष्य असते का, ही शंका मलाही आहे. पण मसाट गावातल्या सुताच्या कारखान्यात माझ्यावरून जे भांडण झाले, त्याबद्दल गप्प राहणे मला जमत नाही.

सुताचे एक मोठे यंत्र ज्या खोक्यातून आले, त्याच्या फळ्यांतून कारभारी नावाच्या सुताराने मला घडवले. नवेपणी मला मान होता. वायरमन माझ्यावर चढून दिवे बदलत, साहेबांच्या पाहुण्यांचा चहा माझ्यावर ठेवत. मग शिडी आली, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी तुटक्या सुताच्या पोत्यांमागे गेले. तिथे मला कोळ्यांशिवाय कोणी विचारले नाही.

मला बाहेर ओढले ते रोहिणीने. ही नंदुरबारकडची, कारखान्याजवळच्या डोकमर्डीत राहणारी. तिच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, गेलेले केस परत आले. आजार गेला, थकवा मात्र गेला नाही. सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूसारखी रिळे, तपासायचे, डाग किंवा तुटका धागा दिसला की तो कोन बाजूला काढायचा, हे तिचे काम. ते सगळ्या बायका उभ्याने करत. रोहिणी माझ्यावर बसून करू लागली. हात पूर्वीइतकेच चालत.

सुपरवायझर भावेशभाईंना ते खपेना.

"बेन, ये आराम करने की जगह है क्या? अपनी बहन को देखो!"

बहीण म्हणजे जया, रोहिणीची सख्खी थोरली. कोन तपासायच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असायची. तिलाही तोच आजार होऊन गेलेला, औषधेही तीच. पण जया दिवसभर उभी राहून वर हसत असे.

"एक माँ, एक बाप, एक बीमारी," भावेशभाई म्हणत. "वो खडी है, तू क्यूँ बैठी?"

ते रोहिणीला लागत नसे. लागले ते जयाचे बोलणे. "मी नाही का करत? किती लाड करशील व अंगाचे!" जया मनाने वाईट नव्हती. धाकटीपायी आपलीही नोकरी जाईल, ही भीती तिच्या तोंडून बोलत होती.

शेवटी भावेशभाईंनी सांगून टाकले. दसरा झाला की स्टूल भंगारात. उभे राहता येत नसेल तर रोहिणीनेही घरी बसावे.

त्याच आठवड्यात दोघी बहिणी तपासणीला जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जया बायकांना सांगू लागली, तेव्हा तिचा आवाज उतरला होता.

"मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, रक्त एकच, मग ही अशी का? त्या म्हणाल्या, तुझं नाक आईचं, हिचं बापाचं. तसंच आतलंही वेगवेगळं वाट्याला येतं. आजारानंतर कोणाचं अंग लवकर सावरतं, कोणाचा थकवा रेंगाळतो. त्यात जन्मतः मिळालेल्याचाही थोडा हात असतो. सगळा नाही, आणि नेमका किती ते सांगताही येत नाही. पण हिला आळशी म्हणू नकोस." जयाने डबा बाजूला ठेवला. "आणि मी तेच म्हणत होते व माय."

"जाऊ दे," रोहिणी म्हणाली. "उभं राहणं तुझ्या वाट्याला आलं, बसणं माझ्या. माझा वाटा मी सोडणार नाही."

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. यंत्रे पुसली, तराजू, कात्र्या, नट आवळायचे पाने, हातगाड्या रांगेत मांडल्या. रोहिणीने मला धुतले, हळदकुंकू लावले आणि तराजूशेजारी नेऊन ठेवले.

"ये औजार नहीं है. हटा!" भावेशभाई ओरडले.

"ज्याच्यावर काम होतं ते औजार. माझं ह्याच्यावर होतं."

ते मला उचलायला वाकले. तेवढ्यात जया पुढे आली आणि तिने झेंडूची माळ माझ्यावर घातली. "कुंकू लागलंय, भावेशभाई. आता पूजेतून उचला बघू!"

त्यांचा हात थांबला. कारखान्याचे मोठे साहेब, नाशिकचे उदय साहेब, आरती घेऊन तिथवर आले होते. "हे कोणाचं?" त्यांनी विचारले.

"माझं, साहेब," रोहिणी म्हणाली. "मी ह्याच्यावर बसून काम करते आणि उद्याही करणार. कोन कमी भरले तर बोला. बसण्यावर कोणी बोलायचं नाही."

साहेबांनी भावेशभाईंकडे पाहिले. "कमी भरतात?"

"नहीं, साब."

साहेबांनी माझ्यावरून आरती ओवाळली, फूल ठेवले आणि ते पुढे गेले. दुसऱ्या दिवशी रोहिणी माझ्यावर बसली. भावेशभाई जवळून गेले, खोकले आणि तिचे कोन मोजून पुढे निघून गेले.

मित्रांनो, आजारातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याच्या शेजारी उभे करून मापू नका, मग ती सख्खी बहीण का असेना. त्याला कीव नको, जागा द्या. माझे पाय लाकडाचे आहेत, मला भंगारात टाकणे सोपे आहे. पण आता आधी रोहिणीला उठवावे लागेल, आणि ती उठणार नाही.