होडीचं वेगळं भाडं

मी बोलतेय ती पाण्यातून नव्हे हो, मोटेलच्या आवारातून. होडी म्हटली की लोकांना लाटा आठवतात, वल्हं आठवतं. पण माझं निम्मं आयुष्य दोन चाकांच्या ट्रेलरवर, पिकअपच्या मागे आणि डांबरी आवारात कुणाच्या तरी खिडकीखाली गेलंय. त्यामुळे माशांइतकीच मला माणसंही कळतात. थोडी जास्तच.

मी ॲल्युमिनियमची. पत्रे वाकवून, रिबिटी ठोकून मला घडवलं, वर हिरवा रंग दिला. पहिला मालक दातांचा डॉक्टर. त्यानं मला दोनदा पाणी दाखवलं आणि मग ताडपत्रीखाली कोंडून ठेवलं. माझ्या बाकाच्या गादीत उंदरांनी संसार थाटला, पोरंबाळं वाढवली. शेवटी त्याच्या बायकोनं मला रस्त्याच्या कडेला काढलं आणि गळ्यात ‘विकणे आहे’ची पाटी अडकवली. काय सांगू तुम्हाला तेव्हाची लाज!

तिथं मला ओर्विननं पाहिलं. आयोवातल्या एका गावात तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. वाकून माझं पोट थोपटलं आणि बायकोला म्हणाला, “आर्डिस, ही हाडाची चांगली आहे.” आर्डिस म्हणाली, “माझ्याबद्दलही माझ्या आईला हेच म्हणाला होतास.” झालं, मी त्यांच्या घरची झाले.

दर मे महिन्यात मिनेसोटात वॉलआय मासे धरण्यावरची बंदी उठते. त्या शनिवारी तळ्यावर नसणं म्हणजे ओर्विनच्या लेखी पापच. शुक्रवारी पहाटे निघायचं, आर्डिसनं लोणी आणि हॅम घातलेले पाव बांधायचे आणि उत्तरेकडं सुटायचं.

होडीवाल्याला मोटेलात किती सासुरवास असतो, ते मला विचारा. एका ठिकाणी म्हणाले, ट्रेलर लांब आहे, दोन गाड्यांची जागा खातो, दोन खोल्यांचं भाडं द्या. दुसरीकडं म्हणे, होडी आत आणायचीच नाही. मग ओर्विननं मला पेट्रोल पंपामागे उभी केली आणि रात्रभर खिडकीतून डोकावत बसला. वयात आलेल्या मुलीच्या बापासारखी त्याची गत. सकाळी मी जागच्या जागी होते, पण हा तळ्यावर गळ हातात धरून घोरत होता.

मग सापडलं टॅमरॅक मोटेल. तळ्याला लागून, एका ओळीत खोल्या, आणि मालकीण लव्होन. नवऱ्यामागं एकटीनं ते चालवणारी, आवाज फाटका पण मन मऊ. ओर्विननं सात नंबरच्या खोलीसमोर मला उभी करायची, खिडकीतून वायर बाहेर काढायची, बॅटरी रात्रभर चार्ज करायची. कसले पैसे नि कसलं काय! सकाळी लव्होन कॉफीचा थर्मास आणून द्यायची. मी त्या आवारात राणीसारखी राहिले.

पण माणसाचं वय होतं तसं होडीचंही होतं, आणि दोघांनाही ते दुसरेच सांगतात. मग एका पानगळीत ओर्विननं पिकअप लावून मला मागे ढकलताना शेजाऱ्याचा टपालाचा डबा सपाट केला. त्याआधी तळ्यावर दिशा चुकून भलत्याच काठाला लागला होता. मुलगा कर्ट घरी आला. माझ्या शेजारी उभा राहून आईशी बोलला, म्हणून मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

“आई, येत्या मे महिन्यात जा. पण काही गडबड झाली तर होडी विकायची. आणि मला खरं सांगायचं. झाकाझाक नको.”

“मी कधी खोटं बोललेय?” आर्डिस म्हणाली.

तेच तर! बाई खोटं बोलत नाही, हीच माझी धास्ती. पुन्हा गळ्यात पाटी, पुन्हा रस्त्याची कडा, पुन्हा कुणी दातांचा डॉक्टर. त्या वर्षी उत्तरेकडं जाताना मी प्रत्येक खड्ड्यात देवाचं नाव घेतलं.

आणि पोचतो तर काय? टॅमरॅकच्या दारात नवीकोरी पाटी. होड्या मागच्या आवारात. होडीचं वेगळं भाडं. बॅटरी चार्ज करायची तर मागच्या खांबावर, त्याचे निराळे पैसे. मासे न्हाणीघरात साफ करू नयेत. पांढऱ्या टॉवेलनं मासे पुसू नयेत.

ओर्विनचं डोकंच फिरलं. “लव्होन, हे कुणासाठी आहे? माझ्यासाठी?”

“सगळ्यांसाठी.”

“मी काय आज येतोय? एक बॅटरी लावतो मी, एक! तुझ्या विजेचा घास घेतला काय मी?”

“तू एक लावतोस रे. पण गेल्या वर्षी शिकागोकडचे आले, त्यांनी खिडक्याखिडक्यांतून वायरी सोडल्या. फ्यूज उडाला, सगळ्या ओळीचे हीटर बंद. तीन नंबरमध्ये तान्हं बाळ होतं, आणि बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी त्या बाळाला माझ्या ओव्हनपुढं घेऊन बसले होते, ओर्विन. म्हणून वेगळी लाईन ओढली, खांब रोवला. फुकट रोवून दिला नाही कुणी.”

“आणि ते न्हाणीघर?”

“टबात मासे साफ करतात मेले! खवल्यांनी नळी तुंबते, आणि हात मी घालते.”

यावर ओर्विन आपल्या बुटांकडं बघू लागला. कारण एका पावसाळी वर्षी सात नंबरच्या टबात कुणी मासे साफ केले होते, ते मला ठाऊक आहे. खिडकी उघडीच होती ना.

पण माणूस चुकीच्या बाजूला असला की जास्तच ताठतो. त्यानं होडीचं भाडं टेबलावर आपटलं आणि चार्जिंगला साफ नकार दिला. आर्डिस म्हणाली, “मी देते, सोड ना.” तर म्हणे, “खबरदार! तत्त्वाचा प्रश्न आहे.” तत्त्व याचं आणि उपाशी मी! माझी बॅटरी आधीच अर्धमेली होती. शेजारच्या होड्या खांबाला लागून मजेत गुणगुणत होत्या आणि मी कोरड्या घशानं बघत राहिले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या मागच्या बाजूला, तळाशी साचलेलं पाणी काढून टाकायचं एक भोक आहे आणि त्याला एक बूच. आमच्याकडं रस्त्यानं होडी नेताना ते काढूनच ठेवावं लागतं, एका तळ्याची घाण दुसऱ्या तळ्यात जाऊ नये म्हणून. पाण्यात घालण्याआधी ते परत लावायचं. ओर्विन ते खिशात ठेवतो आणि होडी पाण्यात सोडायच्या उतारावर आलं की आधी बूच, मग बाकी सगळं. इतक्या वर्षांत कधी चुकला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही उतारावर आलो. त्याचा हात खिशात गेलाच होता, इतक्यात मागून लव्होनचा आवाज आला.

“ओर्विन, ट्रेलर मात्र मागच्या आवारात लावायचा हं!”

हात खिशातून बाहेर आला तो बोट नाचवायलाच. “आता ट्रेलरचंही भाडं घे! श्वास घेतो त्याचंही घे!” असं म्हणत त्यानं मला पाण्यात ढकललं. ट्रेलर मुद्दाम पुढच्या बाजूला उभा केला, आर्डिसला हात देऊन चढवलं आणि इंजिन सुरू केलं. बॅटरीनं आपला शेवटचा दम तिथंच खर्च केला.

अहो, मी किती ओरडले! बूच, ओर्विन, बूच! पण होडीचं ओरडणं म्हणजे पाण्याचा चुबुकचुबुक आवाज. तो ऐकून त्याला बरंच वाटलं.

वेगात असेपर्यंत पाणी आत टिकत नाही. मधल्या खडकाळ भागापाशी त्यानं इंजिन बंद केलं, गळ टाकला, आणि माझ्या पोटात गारठा शिरायला लागला. बर्फ वितळून फार दिवस झाले नव्हते. तसल्या पाण्यात माणूस पडला तर पोहायलाही हात हलत नाहीत.

“ओर्विन, माझे मोजे भिजलेत,” आर्डिस म्हणाली.

“कॉफी सांडली असेल.”

“एवढी कॉफी आपण जन्मात प्यायलो नाही.”

त्यानं खाली पाहिलं. मग खिशात हात घातला. तो चेहरा मला विसरता येत नाही. चार्जिंगवरून भांडणारा ओर्विन कुठंच उरला नव्हता, एक घाबरलेला म्हातारा माणूस तेवढा होता. बूच बाहेरून लावायचं, आणि ती जागा आता खोल पाण्याखाली. पाणी उपसायच्या पंपाचं बटण दाबलं, पंप मेलेला. इंजिनचं बटण, तेही मेलेलं. उरली हातानं ओढायची दोरी. एकदा ओढली, दुसऱ्यांदा ओढताना त्याचा खांदा लचकला आणि तो कळवळून खाली बसला.

“सरक,” आर्डिस म्हणाली.

“तुला नाही जमायचं.”

“सरक म्हटलं ना!”

ती गुडघ्यांवर रांगत मागं आली. माझा तोल जाऊ नये म्हणून मी जीव मुठीत धरून स्थिर राहिले. तिनं पाय रोवले, दातओठ खाल्ले आणि दोरी अशी खेचली की इंजिन खोकत खोकत पेटलं. अर्ध्या भरलेल्या होडीत जागा बदलता येत नाहीत. त्यामुळे इंजिनचा, होडी वळवायचा दांडा तिच्याच हातात राहिला. जन्मात पहिल्यांदा.

“कुठं धरू?”

“मोटेलकडं. लाल छप्पर बघ. वेग सोडू नकोस, वेगात पाणी मागून बाहेर जाईल. डावीकडं खडक आहे... शाबास. शाबास गं!”

ती रडत होती आणि चालवत होती. मी जडावलेली, पण तिच्या हाताला साथ दिली. किनाऱ्यावर लव्होन घरच्या सपातांनिशी गुडघाभर पाण्यात शिरली होती. तिनं माझं नाक धरून मला वाळूवर ओढलं आणि आधी आर्डिसला मिठी मारली. मग ओर्विनला म्हणाली, “मूर्खा! माझ्यावर राग होता तर माझी काच फोडायची होतीस!”

ओर्विन नुसतं म्हणाला, “चुकलो.” बस, तेवढंच.

दोघांना कोरडे मोजे मिळाले, गरम जेवण मिळालं. लव्होन म्हणाली, “जा, खांबाला लावा होडी. आज पैसे नकोत.” तर आर्डिस पर्स उघडून उभी. “का नकोत? सगळ्यांसाठी ना नियम?”

मग तिनं माझ्या कठड्याला टेकून कर्टला फोन लावला. काही म्हणजे काही लपवलं नाही. भांडण, बूच, बॅटरी, खांदा, सगळं सांगितलं. माझ्या रिबिटी सैल व्हायची वेळ आली.

“बस झालं आई! बाबांनी आता होडी चालवायची नाही.”

“बरोबर आहे तुझं. नाही चालवणार ते.”

“मग विका.”

“विकायची कशाला? मी चालवते ना.”

ओर्विन ओल्या बाकावर मान खाली घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

हिवाळाभर तो गॅरेजकडं फिरकला नाही. मला वाटलं, संपलं आता. मग एका सकाळी आर्डिसचा हात धरून आला, तिला माझ्या मागच्या बाकावर बसवलं आणि कोरड्या फरशीवरच शिकवू लागला. लाट आडवी घ्यायची नाही. वळताना आधी मागं बघायचं. ती चुकली की तो चिडायचा, ती त्याच्यावर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी दोघं परत हजर.

आज मी पुन्हा टॅमरॅकच्या मागच्या आवारात आहे. खांबाला वायर लावलीय, पोटात बॅटरी गुणगुणतेय. म्हातारी झालेय, रंग उडालाय, एका रिबिटीतून थेंब झिरपतो. उद्या बंदी उठेल. मासेमारीला निघालेल्या माझ्या बापांनो, एवढं ऐका माझं. मोटेलच्या पाटीवर खेकसण्याआधी आत जाऊन विचारा, ती ओळ का लिहिली. बहुतेक वेळा त्यामागं कुणाचा तरी हात तुंबलेल्या नळीत गेलेला असतो.

संध्याकाळी सगळे जेवायला गेल्यावर ओर्विन एकटाच माझ्यापाशी आला. इंजिनच्या दांड्यावरून हात फिरवला, थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडला. वाकून माझं पोट थोपटलं आणि हळूच म्हणाला, “उद्या मी पुढं बसणार आहे. तिला सांभाळ गं.”

सांभाळते रे. तू नीट बस.