परळचं उन्हाळं

उर्मिलेनं साडीचा घोळ डाव्या मुठीत धरला, दगडी काठावरून पाण्यात पाय टाकला आणि दोरीला बांधलेला थर्मामीटर हळूच खाली सोडला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. चांगलं ऊन ऊन होतं. जरा पलीकडे लुगड्यांनिशी आंघोळीला बसलेल्या बायका तिच्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"काय गो बाय," त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "पाण्याला ताप आलाय काय?"

बायका खळखळून हसल्या. उर्मिलाही हसली, आणि हसता हसता पारा वाचायचा राहून गेला म्हणून तिला थर्मामीटर पुन्हा बुडवावा लागला.

वीज कंपनीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. बी.एस्सी. झालेली मुलगी बॉयलरचं पाणी तपासते याचं गिरगावात नातेवाइकांना अजून नवल वाटायचं. परळच्या या पॉवरहाऊसमधली जुनी टर्बाइनं आता थकली होती. ती काढून नवी बसवायची होती, आणि त्याआधी आजूबाजूच्या वस्तीवर, हवेवर, पाण्यावर त्याचे काय परिणाम होतील ते लिहून द्या, असं महापालिकेनं कळवलं होतं. मुख्य केमिस्ट मनमोहन विजयकर यांनी ते काम उर्मिलेवर सोपवलं. गेला महिनाभर ती गिरगावातून ट्रामनं परळला येत होती. चाळींच्या गच्च्यांवर काचेच्या तबकड्या ठेवून त्यांवर जमणारी काजळी मोजत होती. खाली भिंतींवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी चुन्याची अक्षरं, आणि त्या अक्षरांवरही दोन दिवसांत काजळीचा थर बसलेला असायचा.

पाण्याची गोष्ट निराळी होती. टर्बाइन फिरवून आलेली वाफ निवावी म्हणून शिवडीच्या खाडीचं पाणी नळांनी आत घेत. वाफेला निववता निववता ते स्वतः तापायचं आणि एका दगडी चरातून पुन्हा खाडीकडे जायचं. कोळशाच्या आवाराच्या मागं हा चर चांगला रुंद झाला होता. तिथं दुपारच्या वेळी गिरण्यांतल्या बायका, बाळंतिणी, म्हाताऱ्या येऊन त्या खाऱ्या ऊन पाण्यात बसत आणि मग घरून आणलेली गोड्या पाण्याची कळशी अंगावर घेत. बहुतेक जणी रत्नागिरीकडच्या. राजापूरजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्याला त्यांच्या मुलखात उन्हाळं म्हणतात, म्हणून याही चराला त्या उन्हाळंच म्हणायच्या.

नवी यंत्रं आल्यावर हे पाणी बंद होणार होतं. तेच तेच पाणी लाकडी मनोऱ्यात थंड करून पुन्हा वापरायचं, अशी योजना होती. उर्मिलेला ती मनापासून पटली होती. चराच्या तोंडाशी शिवडीची सुंदराबाई कोळीण तिला भेटली होती. पूर्वी इथं टोपलीभर तिसऱ्या शिंपल्या मिळायच्या, आता ऊन पाण्यानं चिखल मेलाय, असं तिनं सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. चिखल उर्मिलेनं स्वतः तपासला होता. काजळी कमी होणार, खाडी सुधारणार. नुकसान कुणाचंच नाही, असंच अहवालात लिहायचं तिच्या मनात होतं.

म्हातारीचं नाव रखमा. गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातून निवृत्त झालेली, आता बाळंतिणींना न्हाऊ घालणारी. उर्मिला काठावर बसून पाय पुसू लागली तेव्हा ती जवळ आली आणि तिच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली.

"राहायला कुठं गो तू?"

"गिरगावात."

"लीलाबाय तुझी कोण?"

"तुम्ही आईला कशा ओळखता?" उर्मिलेनं विचारलं.

लीला तिची आई. उर्मिला अकरा वर्षांची असताना गेली. सांधे धरलेले. उर्मिलेला आठवायची ती आई सदा पलंगावर असायची, उशीशी टेकून, बोटं वाकडी झालेली. दर मंगळवारी दुपारी मात्र नोकर तिला खुर्चीसकट उचलून व्हिक्टोरिया घोडागाडीत बसवत आणि ती प्रभादेवीला नवसाला म्हणून जायची. वडील आधीच ऑफिसला गेलेले असत. ते कधी आईच्या उशाशी बसल्याचं उर्मिलेला आठवत नव्हतं. आई गेल्यावर तिचं नावही त्यांच्या तोंडून फारसं निघालं नाही. आजारी बायकोला त्यांनी देवावर आणि नोकरांवर सोडून दिलं, हे उर्मिलेनं लहानपणीच मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि त्यानंतर त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

रखमा सांगत गेली. लीलाबाय देवळात नाही, इथं यायची. सोवळ्यातली सासू, तिला कळतं तर घरात घेती ना. पहिल्या दिवशी दोघींनी धरून पाण्यात उतरवली तेव्हा भीतीनं रडली. चार-सहा मंगळवारांनंतर मात्र हात सोड म्हणायची. शिंगड्या, त्यांच्याकडच्या करंज्या, आणायची डबा भरभरून आणि सगळ्यांना वाटायची.

"पाण्यात ती चालायची," रखमा म्हणाली. "ह्या काठापासून त्या काठापर्यंत. कुणाला धरायची नाय. आणि हसायची किती. आम्ही म्हणायचो, बाये, जरा हळू, गिरणीत ऐकू जाईल."

उर्मिलेनं आईला चालताना कधी पाहिलंच नव्हतं. मग आणखी एकदा पारा वाचायचा आहे असं सांगून पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिनं थर्मामीटर बरोबर घेतला नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत ती सावकाश चालत गेली, आणि बायकांनी सरकून तिला वाट दिली.

घरी तिनं वडिलांना यातलं काहीच सांगितलं नाही. जेवताना कमलाकांतांनी विचारलं, काम कुठवर आलंय, तेव्हा पाणी तपासून झालं एवढंच ती म्हणाली. आईनं सगळ्यांच्या नकळत स्वतःसाठी काहीतरी मिळवलं होतं. ते आता आपल्यापाशी आहे, आणि यांच्यापाशी नाही, याचं तिला कुठंतरी समाधानच वाटलं.

अहवालात तिनं काजळीचं लिहिलं, तिसऱ्यांचं लिहिलं आणि शेवटी एक परिच्छेद बायकांच्या त्या उन्हाळ्याचा घातला. नवी यंत्रं बसवावीत, पण थोडं ऊन पाणी बायकांसाठी एका कुंडात वळवता आलं तर पाहावं. विजयकरांनी तो दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. आंघोळ हा परिणाम कसा धरायचा, असं त्यांनी विचारलं. थांबली तर परिणामच की, असं उर्मिला म्हणाली. त्यांनी परिच्छेद खोडला नाही. वरच्या साहेबांनीही खोडला नाही. फक्त त्याचं पुढं काहीच झालं नाही.

यंत्रं बोटीनं यायला, बसायला दोन वर्षं गेली. जुनं शेवटचं टर्बाइन बंद करायचा दिवस ठरला तो साठ सालच्या एप्रिलात. मुंबईसह महाराष्ट्र मिळाल्याचं नक्की झालं होतं. लालबाग-परळमध्ये कमानी उभ्या राहत होत्या, रोषणाईच्या माळा ओढल्या जात होत्या, आणि ती रोषणाई नव्या यंत्रांच्या विजेवर होणार म्हणून कंपनीतही गडबड होती. आदल्या संध्याकाळी कमलाकांत म्हणाले, मीही येतो उद्या. या कंपनीच्या ऑफिसात त्यांची सारी नोकरी झाली होती. जुनं यंत्र थांबताना बघायचं असेल, असं उर्मिलेला वाटलं.

पण परळला उतरल्यावर ते यंत्रघराकडे वळलेच नाहीत. काठी टेकत, कोळशाच्या आवाराला वळसा घालून ते सरळ चराकडे चालू लागले. वाट विचारावी लागली नाही. उर्मिला मागून जात राहिली.

त्या दिवशी बायकांची गर्दी होती. लेकीसुना, शेजारणी, सगळ्यांना शेवटचं म्हणून घेऊन आल्या होत्या. रखमा आता वाकली होती, पण होती. उर्मिलेनं वडिलांची ओळख करून दिली. रखमानं हात जोडले, त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"म्हाराष्ट्र मिळाला नि उन्हाळं गेलं," ती उर्मिलेला म्हणाली. "दोन्ही एकदम ठेवायला काय हरकत होती?"

तेवढ्यात कोणीतरी बाळंतिणीला आणलं आणि बायका पाण्यात उतरू लागल्या. कमलाकांतांनी ते पाहिलं मात्र, ते मागे फिरले. आवाराच्या भिंतीपाशी गेले, चराकडे पाठ केली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, मान थोडी डावीकडे कललेली.

रखमा बोलता बोलता थांबली. ती त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं उर्मिलेचं मनगट धरलं.

"अगो, हे तेच," ती हळू आवाजात म्हणाली. "लीलाबायला हेच घेऊन यायचे. ऑफिसातून येऊन गिरगावच्या नाक्यावर तिच्या गाडीत चढायचे म्हणे. तिला काठापर्यंत उचलून आणायचे, आमच्या हवाली करायचे नि असे उभे राहायचे, ती बाहेर येईपर्यंत. येता-जाता मान खाली, उभं राहिलं की अशी कलती. आम्ही घरचा कुणी नातलग समजायचो, तोंड कधी धड बघितलंच नाय गो. पाठ तेवढी ओळखीची."

उर्मिला पाण्याच्या कडेकडेनं चालत भिंतीपाशी गेली. वडिलांच्या चेहऱ्याकडे तिनं बघितलं नाही. त्यांच्या शेजारी, भिंतीकडेच तोंड करून ती उभी राहिली. भिंतीच्या दगडांतून जुन्या यंत्राची घरघर अजून पायापर्यंत येत होती.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, बाबा."

"तुझ्या आजीला कळलं असतं." ते म्हणाले, "आणि नंतर सांगण्यासारखं होतं काय? मी काही पाहिलं नाही."

मागं पाण्यात कुणाचा तरी पाय घसरला असावा. एक बाई किंचाळली आणि मग सगळ्याच मोठ्यानं हसू लागल्या. ते हसणं भिंतीवर आपटून पुन्हा पाण्याकडे गेलं.

कमलाकांतांनी मान आणखी थोडी कलती केली.

"इथून ऐकू यायचं," ते म्हणाले.